टॉमी डग्लस आणि राहून गेलेला दुसरा टप्पा

२४ फेब्रुवारी ही तारीख आपल्या कामगार वर्गाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९५२ साली याच दिवशी कानपूर येथे कर्मचारी राज्य विमा योजनेचे उद्घाटन झाले आणि कारखान्यातल्या कामगाराच्या खिशात ईएसआयचे कार्ड आले. त्या कार्डाची मुळे कुठे आहेत? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल सादर केला. कायदा व्हायला मात्र १९४८ साल उजाडले.

याच तारखेला, २४ फेब्रुवारी १९८६ रोजी, कॅनडाच्या ओटावा शहरात एका ८१ वर्षांच्या वृद्धाने कर्करोगाने देह ठेवला. त्यांचे नाव थॉमस क्लेमेंट डग्लस. सारा देश त्यांना टॉमी म्हणत असे. २००४ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने सर्वश्रेष्ठ कॅनेडियन कोण, असा कौल घेतला तेव्हा लोकांनी कोणत्याही पंतप्रधानाला, सेनापतीला किंवा खेळाडूला पहिले स्थान दिले नाही. ते दिले एका छोट्या, गरीब, गहू पिकवणाऱ्या प्रांताच्या या माजी मुख्यमंत्र्याला. कारण एकच. आजारी माणसाचे बिल सगळ्यांनी मिळून, एकाच सार्वजनिक निधीतून भरायचे, ही पद्धत त्यांनी उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा चालवून दाखवली. जाणकार तिला सिंगल पेयर म्हणतात. म्हणजे डॉक्टर अनेक, इस्पितळे अनेक, रुग्ण लाखो; पण पैसे देणारा एकच, आणि तो म्हणजे जनतेचे सरकार.

आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांना अब्राहम लिंकन माहीत आहेत, मार्टिन ल्यूथर किंग माहीत आहेत, मंडेला तर घरातलेच वाटतात. डग्लस मात्र फारसे कोणाला माहीत नाहीत. हल्ली इस्पितळवाल्यांच्या परिषदांमध्ये मूल्याधारित आरोग्यसेवा हा शब्द फार ऐकू येतो. खर्च केलेल्या पैशातून रुग्णाच्या तब्येतीत प्रत्यक्ष काय सुधारणा झाली, ते मोजा आणि त्यावर पैसे द्या, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी २००६ साली तो शब्द प्रचलित केला. पण तो प्रश्न त्याच्या कितीतरी आधी एका पाद्र्याने विचारला होता, आणि त्याचे उत्तर मिळण्याआधीच तो हरला होता, हे त्या परिषदांत कोणी सांगत नाही.

डग्लस यांचा जन्म २० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधील फॉल्कर्कजवळच्या कॅमेलन या गावी झाला. वडील लोखंडाचे ओतकाम करणारे कामगार. टॉमी लहान असताना पडला, उजव्या गुडघ्याला जखम झाली आणि ती हाडापर्यंत चिघळली. पेनिसिलिन यायला अजून बराच काळ होता. पुढे हे कुटुंब पोटासाठी कॅनडातील विनिपेग शहरात आले, पण हाडातला पू काही हटेना. धर्मादाय वॉर्डातल्या डॉक्टरांनी पाय कापण्याचा निर्णय दिला. बापाकडे तज्ज्ञ डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, त्यामुळे दुसरे मत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या वॉर्डात एक नामवंत अस्थिशल्यविशारद आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन फिरत होते. त्यांना या मुलाच्या पायात शिकवण्याजोगे काही दिसले. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू दिली तर मी फुकट करतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. आईबापांनी होकार दिला, पाय वाचला. पुढे हाच मुलगा त्या पायांवर मुष्टियुद्धात उतरला आणि १९२२ साली मॅनिटोबा प्रांताचा हलक्या वजनाचा विजेता ठरला.

अशा प्रसंगातून माणसे दोन प्रकारचे धडे घेतात. आपल्या वस्त्यांमध्येही एखाद्या डॉक्टरसाहेबांनी पैसे न घेता ऑपरेशन केले की त्यांचा फोटो भिंतीवर लागतो. डग्लस यांनी त्या डॉक्टरांचे ऋण आयुष्यभर मान्य केले, पण फोटो लावला नाही. त्यांना बोचले ते वेगळेच. श्रीमंताचा मुलगा असतो तर पाय कापण्याची वेळच आली नसती, आणि गरिबाचा असूनही पाय वाचला तो निव्वळ योगायोगाने. त्या दिवशी तो डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेला असता तर? दयेच्या जागी हक्क हवा, हे वाक्य आपण बाबासाहेबांकडून शिकलो. तिकडे एका कामगाराच्या पोराला ते स्वतःच्या गुडघ्याने शिकवले.

पहिल्या महायुद्धात हे कुटुंब काही वर्षे ग्लासगोला परतले. तिथे चौदाव्या वर्षाच्या आतच टॉमीची शाळा सुटली आणि तो बुचांच्या कारखान्यात कामाला लागला. विनिपेगला परत आल्यावर १९१९ चा सार्वत्रिक संप त्याने डोळ्यांनी पाहिला. सुमारे तीस हजार कामगार सहा आठवडे संपावर होते. २१ जून रोजी घोडेस्वार पोलिसांनी मोर्चावर चाल केली, गोळ्या चालल्या, तेव्हा हा मुलगा एका इमारतीच्या छपरावरून ते सारे पाहत होता. पुढे छापखान्यात उमेदवारी केली, लायनोटाइप यंत्रावर काम केले, आणि विसाव्या वर्षी बॅप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक होण्यासाठी ब्रँडन कॉलेजात नाव घातले.

१९३० साली ते सॅस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न या गावी पाद्री म्हणून रुजू झाले. काळ किती वाईट होता! जागतिक मंदीने गव्हाचा भाव पडलेला आणि पाठोपाठ दुष्काळ. शेतातली माती वाऱ्याबरोबर उडून जात होती. माणसे वेळेवर डॉक्टर न मिळाल्याने मरत होती, कारण डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते आणि पैसे नसलेल्या भागात डॉक्टर टिकत नव्हते. मागे लहान मुले ठेवून गेलेल्या तरण्या माणसांना या पाद्र्याने स्वतः मूठमाती दिली. १९३१ साली जवळच्या एस्टेव्हन गावी कोळसा खाणीतले मजूर संपावर गेले, तेव्हा डग्लस यांनी त्यांच्या कुटुंबांसाठी धान्य नेले. त्याच संपात पोलिसांच्या गोळीबाराने तीन खाणमजूर ठार झाले.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. थोर पुरुषांच्या चरित्रातली गैरसोयीची पाने चिकटवून टाकण्याची सवय आपल्याकडे फार आहे. १९३३ साली डग्लस यांनी मॅकमास्टर विद्यापीठाच्या एम.ए. पदवीसाठी प्रबंध लिहिला. विषय होता वेबर्नमधील तथाकथित कमी प्रतीची कुटुंबे. त्यात त्यांनी मतिमंद ठरवलेल्या व्यक्तींना वेगळे ठेवावे, विवाहापूर्वी प्रमाणपत्र सक्तीचे करावे आणि काहींची नसबंदी करावी, अशा शिफारशी केल्या. सुप्रजननशास्त्र या नावाने मिरवणारा हा विचार त्या काळी सुशिक्षितांमध्ये सर्वमान्य होता, हे खरे. पण जन्मावरून माणसाची प्रत ठरवणारा विचार कोणत्या वळणाचा असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात १९२८ पासून नसबंदीचा कायदा होता आणि त्याचा वरवंटा मूळनिवासी स्त्रियांवर अधिक फिरला. तो कायदा १९७२ साली रद्द झाला.

डग्लस १९३५ मध्ये खासदार झाले, १९३६ मध्ये युरोपला गेले आणि हिटलरच्या जर्मनीत तो विचार कुठे पोहोचला ते पाहून आले. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर कधी बोलणे केले नाही. पुढे मुख्यमंत्री आणि आरोग्यमंत्री या दोन्ही खुर्च्या त्यांच्याकडे असताना नसबंदीच्या शिफारशी टेबलावर आल्या, त्या त्यांनी बाजूला सारल्या. सत्ता हातात नसताना चुकीचे लिहिणारा आणि सत्ता हातात आल्यावर ते न करणारा असा माणूस विरळाच. आपल्याकडे उलटे चालते.

त्यांचा पक्ष को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन हा शेतकरी, कामगार आणि समाजवादी यांच्या एकजुटीतून १९३२ साली निघाला होता. जून १९४४ च्या निवडणुकीत या पक्षाने सॅस्कॅचेवानच्या विधिमंडळात ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर अमेरिकेतले ते पहिले समाजवादी सरकार. डग्लस यांनी आरोग्य खाते स्वतःकडे ठेवले. लगेच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वैद्यकाचे इतिहासकार डॉ. हेन्री सिगरिस्ट यांना पाहणीसाठी बोलावले. ऑक्टोबर १९४४ मध्ये सिगरिस्ट यांचा अहवाल आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हेच सिगरिस्ट भोर समितीला सल्ला देण्यासाठी भारतात आले! म्हणजे आडारकरांचा अहवाल, सॅस्कॅचेवानचा अहवाल आणि भोर समितीच्या बैठका हे सारे एकाच वर्षातले. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, असे भोर समितीने १९४६ साली सांगितले. तिकडे सॅस्कॅचेवानमध्ये तो अहवाल अमलात आला, इकडे भोर समितीचा अहवाल कपाटात गेला. देश गरीब होता म्हणून असे झाले, असे सांगितले जाते. पण १९४४ मध्ये सॅस्कॅचेवानही दिवाळखोरीच्या काठावर होते.

डग्लस यांनी सगळे एकदम केले नाही. आधी वृद्ध निवृत्तिवेतनधारक आणि विधवा माता यांना मोफत उपचार. कर्करोगाचे आणि मानसिक आजाराचे उपचार मोफत. जुलै १९४६ मध्ये स्विफ्ट करंट या एका विभागात सुमारे ५० हजार लोकांसाठी डॉक्टरांची संपूर्ण सेवा. ती चालते असे दिसल्यावर १ जानेवारी १९४७ पासून साऱ्या प्रांतासाठी इस्पितळाचा सक्तीचा विमा. वर्गणी माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर, उरलेले करातून. नावनोंदणी सगळ्यांची, त्यामुळे आजारी माणसाला वगळण्याचा प्रश्न नाही, एजंटाचे कमिशन नाही, दावा नाकारण्यासाठी बसवलेली कारकुनांची फौज नाही. ज्याने खाजगी कंपनीचा विमा काढून नंतर दावा केला आहे त्याला या वाक्याचा अर्थ लगेच कळेल. माझ्या पक्षकारांपैकी निम्म्यांना तो कोर्टाच्या पायरीवर कळला.

याच सरकारने १९४७ साली नागरी हक्कांचा कायदा केला, वंश, वर्ण आणि धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावाला त्यात बंदी होती. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर एका वर्षाने आला. १९६० साली राखीव भागात राहणाऱ्या मूळनिवासींना प्रांतिक निवडणुकीत मताचा अधिकारही याच सरकारने दिला. खेड्यात वीज नेली, मोटारविमा सरकारी केला आणि प्रांताचे कर्जही फेडत आणले.

पण इस्पितळ विम्यातून एक गोष्ट घडली, जी आजच्या आपल्या विषयाचा गाभा आहे. पैसे इस्पितळात भरती झालेल्या रुग्णासाठी मिळत होते. मग काय झाले? गावोगावी इस्पितळे उभी राहिली, खाटा वाढल्या आणि खाटा भरल्याही. सॅस्कॅचेवानमधले भरतीचे प्रमाण कॅनडात सर्वाधिकांपैकी झाले. यात कोणी लबाड होता असे नाही. ज्या गोष्टीसाठी पैसा मिळतो ती गोष्ट वाढते, एवढेच. खाटेसाठी पैसा दिला की खाटा वाढतात, ऑपरेशनसाठी दिला की ऑपरेशने. रुग्ण बरा होण्यासाठी किंवा आजारी न पडण्यासाठी मात्र कोणीच कोणाला पैसे देत नव्हते.

१९५७ साली केंद्र सरकारने इस्पितळ विम्याचा साधारण निम्मा खर्च उचलण्याचा कायदा केला. सॅस्कॅचेवानचा हात मोकळा झाला आणि डिसेंबर १९५९ मध्ये डग्लस यांनी नभोवाणीवरून डॉक्टरांच्या सेवेचाही विमा जाहीर केला. त्यासाठी पाच तत्त्वे सांगितली. पैसे आगाऊ भरलेले असतील. योजना सर्वांसाठी असेल. सेवेचा दर्जा उच्च राहील. कारभार विधिमंडळाला आणि जनतेला जबाबदार असलेल्या सार्वजनिक संस्थेकडे असेल. आणि पाचवे, सेवा देणारे व घेणारे या दोघांनाही योजना मान्य असेल.

वकिलाच्या नजरेने ही पाच कलमे वाचली की चौथे आणि पाचवे एकमेकांना छेदतात हे लक्षात येते. जनतेला जबाबदार असलेली संस्था पैसे देणार, तर त्या पैशातून काय मिळाले हे विचारण्याचा तिला अधिकार हवा. पण सेवा देणाऱ्यांची मान्यता ही अट घातली की त्या विचारण्यावर त्यांचा नकाराधिकार आला. डग्लस यांना हे दिसत नव्हते असे म्हणवत नाही. त्यांना माणसे सोबत घेऊन जायचे होते. पण कायद्यात सद्भावनेने ठेवलेली फट विरुद्ध पक्षाचा वकील कशी वापरतो, हे आपण रोज पाहतो.

जून १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेने वर्गणी गोळा करून सरकारविरुद्ध जंगी प्रचार केला. सरकारी कारकून तुमच्या आजाराची गुपिते वाचतील, चांगले डॉक्टर निघून जातील, परदेशातून भलतेसलते डॉक्टर येतील, अशी भीती घातली गेली. तरीही लोकांनी डग्लस यांना स्पष्ट बहुमत दिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा झाला. त्याच महिन्यात डग्लस नव्या डेमोक्रॅटिक पक्षाचे देशपातळीवरील नेतृत्व करण्यासाठी मुख्यमंत्रिपद सोडून गेले. वादळ झेलले ते त्यांचे वारस वुड्रो लॉइड यांनी. ते पेशाने शिक्षक. इतिहासात त्यांच्या वाट्याला जेवढे श्रेय यायला हवे तेवढे आले नाही, हे नमूद करावेसे वाटते.

१ जुलै १९६२ रोजी कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. मेंदूज्वर झालेल्या एका तान्ह्या बाळाला घेऊन आईबाप डॉक्टर शोधत गाडीने फिरले आणि ते बाळ वाटेतच गेले. संप २३ दिवस चालला. ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले. मध्यमवर्गाने डॉक्टरांना वाचवा म्हणून समित्या काढल्या; ११ जुलैला रेजायना शहरात त्यांचा प्रचंड मोर्चा निघणार म्हणून गाजावाजा झाला, आले चार-पाच हजार. कायद्याच्या बाजूची माणसे रस्त्यावर ओरडत नव्हती, ती दुसरेच काही करत होती. सॅस्कॅटून, प्रिन्स अल्बर्ट अशा ठिकाणी शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी वर्गणी काढून सहकारी दवाखाने सुरू केले. तिथे डॉक्टर पगारावर, परिचारिका आणि इतर कर्मचारी त्यांच्या बरोबरीने, आणि कारभार सभासद रुग्णांच्या हाती.

शेवटी ब्रिटनमधले मजूर पक्षाचे लॉर्ड टेलर, जे स्वतः डॉक्टर होते, त्यांनी मध्यस्थी केली आणि २३ जुलैला सॅस्कॅटूनचा करार झाला. विमा सर्वांसाठी राहिला, निधी एकच राहिला. हा मोठाच विजय होता. पण मोबदल्यात डॉक्टरांना दर भेटीमागे, दर कृतीमागे पैसे घेण्याची पद्धत कायम करून मिळाली आणि योजनेबाहेर राहून रुग्णाला थेट बिल देण्याची मुभाही मिळाली. म्हणजे सरकारकडे थैली आली, पण प्रश्न विचारण्याचा हक्क डॉक्टरांनी दाराबाहेर ठेवला. पाचव्या तत्त्वाने चौथ्याला गिळले. पगारी डॉक्टरांचे ते सहकारी दवाखाने करारानंतर एका कोपऱ्यात राहिले. त्यांच्याकडे जाणाऱ्या रुग्णांना इस्पितळात कमी भरती व्हावे लागते, असे पुढे १९८३ च्या सरकारी पाहणीत दिसले, तरी ती पद्धत सर्वत्र नेण्याचे धाडस कोणी केले नाही.

खुद्द डग्लस यांना या संपाआधीच, १८ जून १९६२ रोजी, रेजायनाच्या मतदारांनी लोकसभेच्या निवडणुकीत पाडले होते. ज्यांच्यासाठी लढावे त्यांच्याच मतांनी पराभूत होणे, हे दुःख आपल्याला परके नाही. दुसऱ्या मतदारसंघातून ते संसदेत गेले. दरम्यान न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ साली सॅस्कॅचेवानची योजना देशभर न्यावी असा अहवाल दिला. हॉल हे हुजूर पक्षाच्या पंतप्रधानांनी नेमलेले! १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत कॅनडाचे सारे प्रांत त्यात आले.

खर्च वाढू लागला तसा एक सोपा उपाय सुचवणारे पुढे आले. रुग्णालाच थोडे पैसे भरायला लावा, म्हणजे तो उगाच डॉक्टरकडे जाणार नाही. सॅस्कॅचेवानमध्ये सत्तांतरानंतर १९६८ साली डॉक्टरच्या भेटीला दीड डॉलर आणि इस्पितळाला दिवसाला अडीच डॉलर असा आकार लावला गेला. परिणाम काय झाला, ते एका अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मोजले. गरिबांचे डॉक्टरकडे जाणे सुमारे १८ टक्क्यांनी घटले, एकूण वापर मात्र त्यामानाने थोडाच कमी झाला. गरीब घरी बसला, त्याची जागा दुसऱ्याने घेतली. नवे सरकार आल्यावर १९७१ मध्ये तो आकार रद्द झाला. मूल्य, काटकसर, कार्यक्षमता हे शब्द कोणी वापरले की त्याची किंमत कोण चुकवणार, हे आधी विचारावे, ते या दीड डॉलरमुळे.

संसदेत डग्लस यांनी आणखी एक लढाई एकाकी लढली. ऑक्टोबर १९७० मध्ये क्विबेकमधील अपहरणांनंतर सरकारने युद्धकालीन कायदा पुकारला. शेकडो लोकांना आरोपाविना अटक झाली. जनमत सरकारच्या बाजूने होते. डग्लस आणि त्यांच्या बहुसंख्य सहकाऱ्यांनी विरोधात मत दिले आणि लोकांची नाराजी ओढवून घेतली. याच माणसावर पोलिसांनी अनेक वर्षे पाळत ठेवून हजाराहून अधिक पानांची फाईल तयार केली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले.

१९७९ साली ओटावात आरोग्यविमा वाचवण्यासाठी परिषद भरली, तेव्हा पंच्याहत्तरीचे डग्लस तिथे बोलले. त्यांचे म्हणणे असे होते की आजवर झाले ते फक्त पहिल्या टप्प्याचे काम. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधली पैशाची भिंत पाडली. दुसरा टप्पा अधिक अवघड आहे. सेवा देण्याची सारी रचना बदलायची, डॉक्टरांनी परिचारिका आणि इतरांसह गटाने काम करायचे, आजार होऊच नये यासाठी पैसा वळवायचा. नाहीतर खर्च वाढत जाईल, आणि विरोधक त्याच खर्चाचे कारण दाखवून पहिला टप्पाही मोडून काढतील. आज मूल्याधारित आरोग्यसेवेच्या नावाने जे सांगितले जाते, ते सारे यात आहे. फरक एवढाच की डग्लस ते निधी वाचवण्यासाठी सांगत होते आणि आज अनेकजण ते नफा वाचवण्यासाठी सांगतात.

१९८४ मध्ये कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट आला. रुग्णाकडून जादा पैसे घेणाऱ्या प्रांताचे अनुदान कापण्याची तरतूद त्यात झाली, सर्व पक्षांनी एकमताने मतदान केले. मृत्यूच्या दोन वर्षे आधी डग्लस यांना हा दिवस पाहायला मिळाला. त्या कायद्याच्या पाच अटी आहेत: सार्वजनिक कारभार, सर्वंकष सेवा, सर्व नागरिक, प्रांताबाहेरही लाभ, आणि विनाअडथळा उपलब्धता. डग्लस यांच्या १९५९ च्या यादीतले उच्च दर्जाचे कलम या यादीत नाही. पैसे कोण देणार आणि कोणाला मिळणार, याचा कायदा झाला. रुग्णाचे भले झाले की नाही, याचा झाला नाही. पुढे प्रतीक्षायाद्या लांबल्या, आणि २००५ साली क्विबेकच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच यादीकडे बोट दाखवून, चार विरुद्ध तीन मतांनी, खाजगी विम्यावरील बंदी उठवली. डग्लस यांनी दिलेला इशारा असा कोर्टात खरा ठरला.

आपल्याकडे तर पहिला टप्पाही अर्धामुर्धाच आहे. पण दुसऱ्या टप्प्याचे सगळे रोग आधीच आले आहेत. महात्मा फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना असो की केंद्राची २०१८ ची पाच लाखांची योजना, पैसा ठरलेल्या यादीतल्या उपचारांच्या पॅकेजवर मिळतो. माझ्याकडे आलेल्या एका बांधकाम मजुराच्या पायाची जखम चिघळत होती, तेव्हा साधे ड्रेसिंग यादीत बसत नव्हते. बोटे कापायची वेळ आली तेव्हा तो यादीत बसला. त्याच्यासाठी कोणी अस्थिशल्यविशारद विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात फिरत नव्हता. आणि जिथे कोणतीच योजना नाही, नुसता ऑपरेशनमागे पैसा आहे, तिथले चित्र बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी तेरा हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या बहुसंख्य स्त्रिया कोणत्या समाजांतल्या, हे सांगायला नको. ऑपरेशने वाढली. आरोग्य कोणाचे सुधारले?

आणि कॅनडातही मूल्य कोणाचे मोजायचे, हा प्रश्न सुटलेला नाही. एकच पैसे देणारा, असे आपण म्हणतो. पण मूळनिवासींसाठी तिथे दोन आहेत, प्रांत आणि केंद्र. मॅनिटोबातल्या एका क्री जमातीच्या मुलाला घरी नेण्याजोगा झाल्यावरही दोन वर्षांहून अधिक काळ इस्पितळात पडून राहावे लागले, कारण घरच्या शुश्रूषेचे बिल कोणी भरायचे यावर दोन सरकारांचे पत्रव्यवहार चालू होते. २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो इस्पितळातच वारला. आधी सेवा द्या, बिलाचे भांडण नंतर करा, हे तत्त्व त्याच्या नावाने संसदेने २००७ साली मान्य केले.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये क्विबेकमधल्या एका इस्पितळात सात मुलांची एक मूळनिवासी आई दाखल झाली. तिचे विमा कार्ड वैध होते, खाट मिळाली, बिलाचा प्रश्न नव्हता. मरण्यापूर्वी तिने आपल्या फोनवरून जे थेट दाखवले त्यात कर्मचारी तिच्या जातकुळीवरून तिला शिव्या देत होते. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये या मृत्यूला वंशद्वेषाचा हातभार लागल्याचे नोंदवले. तिच्या समाजाने तिच्या नावाने एक मसुदा तयार केला: मूळनिवासींना भेदभावाविना आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क. क्विबेकच्या सरकारने तो जसाच्या तसा स्वीकारायला नकार दिला. व्यवस्थेत मुरलेला वंशद्वेष, हे त्यातले शब्द सरकारला मान्य नव्हते.